सहजच आलो

शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता पुण्याच्या स्वारगेट स्थानकावर साताऱ्याच्या विनाथांबा गाडीची रांग बघण्यासारखी असते. रांगेतल्या निम्म्या लोकांच्या पाठीवर ऑफिसची सॅक असते आणि दुसरं काहीच नसतं. बॅग नाही, पिशवी नाही, मिठाईचा पुडा नाही. दुपारी डबा खाताना कधीतरी मनात आलेलं असतं की आज घरी जावं. त्यानंतर खोलीवर जाऊन कपडे भरण्यातही वेळ घालवलेला नसतो, कारण गावच्या घरात खुंटीला जुना सदरा असतोच. या गाडीचं तिकीट खालीच काढायचं आणि वाटेत ती कुठं थांबत नाही, त्यामुळे आत वाहकही नसतो. गाडी भरली की दार लागतं, चालक निघतो, आणि मागची गाडी फलाटाला लागते. कुणी नाव विचारत नाही, आरक्षण विचारत नाही.

अशा जाण्याला मराठीत खास शब्द नाही. ‘गावाकडे चक्कर टाकून येतो’ एवढंच माणूस खोलीतल्या मित्राला सांगतो. गणपतीला, दिवाळीला, शिमग्याला, गावच्या यात्रेला जाणं ठरलेलं असतं. त्यासाठी रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं (१ नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते १२० दिवस आधी उघडायचं), रजेचा अर्ज होतो, घरी फराळाचे डबे भरून ठेवले जातात, आणि कोण कुठल्या खोलीत झोपणार हेही ठरतं. शुक्रवारच्या या जाण्याला यातलं काहीच नसतं. तरीही घराची खरी खबर लागते ती अशाच जाण्यातून.

त्यासाठी आधी सुट्टी हवी, आणि ती आपोआप मिळालेली नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांतल्या कामगारांना आठवड्यातून एक दिवस विश्रांती मिळावी म्हणून सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे १८८४ पासून झगडत होते. रविवार हा खंडोबाचा वार, त्या दिवशी कामगाराला देवधर्म आणि घरदार बघता यावं, असाही त्यांचा मुद्दा होता. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी मागणी मान्य केली. शनिवार मात्र तुकड्यातुकड्यांनी आला. बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा झाला तो १ सप्टेंबर २०१५ पासून, आणि राज्य सरकारच्या कार्यालयांत पाच दिवसांचा आठवडा २९ फेब्रुवारी २०२० पासून लागू झाला. मॉलमधला विक्रेता, सोसायटीचा वॉचमन, रुग्णालयातली परिचारिका यांना हा शनिवार अजून मिळालेला नाही. त्यांची सुट्टी मंगळवारी नाहीतर गुरुवारी येते. त्या दिवशी गाडीत बसायला जागा मिळते, पण घरी पोचल्यावर भाऊ कामाला गेलेला असतो आणि पुतणी शाळेत.

कात्रज मागे पडतं, खेड शिवापूरचा टोलनाका येतो, शिरवळ जातं आणि खंबाटकी घाट लागतो. साताऱ्याहून पुण्याकडे येणारी वाहनं बोगद्यातून येतात. साताऱ्याकडे जाणाऱ्यांना मात्र वर्षानुवर्षं घाटच चढावा लागला आहे. शुक्रवारी रात्री चढावर एखादा ट्रक बंद पडला की मागची सगळी रांग जागच्या जागी बसते. मग मोबाइल निघतात. घरी कळवायचं की नाही, याचा निकाल बहुतेकांचा या घाटातच लागतो. आईला सांगायचं नसतं. पण कुणातरी एकाला सांगावंच लागतं, कारण शेवटचे आठ-दहा किलोमीटर उरलेले असतात आणि रात्र झालेली असते. म्हणून धाकट्या भावाला नाहीतर चुलतभावाला निरोप जातो: ‘फाट्यावर गाडी घेऊन ये. घरात बोलू नको.’

साताऱ्यात उतरलं की अर्धा प्रवास संपतो, तोही सोपा अर्धा. पाटण, जावळी या डोंगराळ तालुक्यांतल्या गावांचा शहराशी संबंध जुना आहे. मुंबईच्या बाजारांत आणि गोद्यांत ओझी वाहणाऱ्या माथाडी कामगारांत या भागातली माणसं फार मोठ्या संख्येनं आहेत. त्यांची संघटना बांधणारे अण्णासाहेब पाटीलही पाटण तालुक्यातलेच. त्या पिढीचा माणूस गावी यायचा तो वर्षातून एकदा, फार तर दोनदा. कोकणातल्या चाकरमान्याचंही तेच होतं. पावसाळ्यात किनाऱ्याच्या बोटी बंद असत, आणि घाटरस्त्यानं एसटीत बसून अंग मोडायचं. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा सगळा मार्ग खुला झाला, आणि रात्री मुंबईत कोकणकन्या एक्सप्रेसमध्ये चढलेला माणूस सकाळी कणकवलीला, कुडाळला उतरू लागला. ‘शनिवार-रविवार गावी’ हे शब्द कोकणी घरांत रुळले ते त्यानंतर.

रेल्वे जिथे नाही तिथे एसटी. १ जून १९४८ रोजी पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला गेली. ‘गाव तिथे एसटी’ हे महामंडळाचं ब्रीद पुढच्या काही दशकांत बऱ्याच अंशी खरं झालं. आज ३१ विभाग आणि अडीचशेच्या आसपास आगारं, असा हा पसारा आहे. पण या पसाऱ्यातली सर्वांत मोलाची गाडी महामार्गावर दिसत नाही. ती आहे मुक्कामी गाडी.

मुक्कामी गाडी तालुक्याहून संध्याकाळी सुटते. शाळा-कॉलेजची पोरं, बाजार करून निघालेल्या बाया, कोर्टाची तारीख पडून परत चाललेला एखादा शेतकरी यांना वाटेतल्या गावांत उतरवत ती शेवटच्या गावात येते आणि तिथेच थांबते. देवळासमोर किंवा शाळेच्या पटांगणात तोंड फिरवून उभी राहते, म्हणजे पहाटे वळवायला नको. चालक आणि वाहक आपली वळकटी काढून गाडीतच आडवे होतात, किंवा देवळाच्या ओवरीत. गावात माणुसकी असेल तर कुणाच्या घरून दोन भाकऱ्या आणि कालवण येतं. पहाटे साडेपाच-सहाला इंजिन सुरू होतं. तो आवाज हेच गावातल्या कितीतरी घरांचं घड्याळ. त्या गाडीनं पेशंट दवाखान्यात जातात, दहावीची पोरं परीक्षेला जातात. काही तालुक्यांत शहरात शिकणाऱ्या मुलांचे जेवणाचे डबेही एसटीनंच जातात. झाकणावर रंगानं लिहिलेलं नाव, आणि डब्याला बांधलेला फडक्याचा तुकडा. मराठवाड्यात लातूरला शिकणाऱ्या कित्येक पोरांनी आईच्या हातची भाकरी अशी रोज खाल्लेली आहे. आई एका गावात, पोरगा दुसऱ्या गावात, आणि मधे एक वाहक, ज्याचं या घराशी नातं नाही तरी डबा हरवला तर जिवाला लागतं.

पुण्याहून शुक्रवारी रात्री निघालेल्याला मुक्कामी गाडी मिळत नाही; ती केव्हाच पुढे गेलेली असते. वडापही थांबलेली असते. (पश्चिम महाराष्ट्रात माणसं भरभरून नेणाऱ्या जीपला वडाप म्हणतात; विदर्भ-मराठवाड्यात तिलाच काळी-पिवळी.) म्हणून फाट्यावर भाऊ मोटारसायकल घेऊन उभा. मफलर गुंडाळलेला, दिवा बंद करून. गावात शिरताना देवळापुढे मुक्कामी गाडी अंधारात उभी दिसते आणि भाऊ म्हणतो, ‘आत्ताच झोपलेत ते.’

मग कडी वाजते.

‘कोण?’ आतून येतं. आवाज ओळखू येतो, पण दार उघडायच्या आधी दिवा लागतो. आई उंबऱ्यात उभी राहून पोराच्या तोंडाकडे बघते. ‘का रं? समदं बरं हाय न्हवं?’

‘बरं आहे. सहजच आलो.’

तिचा विश्वास लगेच बसत नाही. पोरगं आत येऊन हातपाय धुवून बसलं तरी ती दोनदा विचारते, एकदा नोकरीचं आणि एकदा तब्येतीचं. या प्रश्नामागे एका पिढीची भीती आहे. ज्या काळात पत्र यायला आठवडा लागायचा त्या काळात अवेळी आलेली बातमी वाईटच असायची. तार आली की वाचायच्या आधीच घरात रड सुरू व्हायची. तारवाला दिसला की बायका दारातून आत जायच्या. भारतात तारसेवा बंद झाली जुलै २०१३ मध्ये, पण रात्री वाजलेल्या कडीची धास्ती त्या पिढीच्या मनातून गेलेली नाही. गंमत अशी, की आपल्या परंपरेत न कळवता येणाऱ्याला मानाचं नाव आहे. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, अशी त्या शब्दाची फोड सांगितली जाते. कावळा ओरडला की पाहुणा येणार, असं म्हणणाऱ्या घरात पाहुणा न कळवताच यायचा. फोन आले आणि कळवून येणं ही रीत झाली. त्यामुळे आज न कळवता येणं हे कुणीतरी मुद्दाम केलेलं असतं, आणि ते फक्त अगदी जवळच्याच माणसाला करता येतं.

रात्री सव्वाअकराला अशा माणसाला जेवायला काय द्यायचं, याचं उत्तर महाराष्ट्रातल्या निम्म्या घरांत एकच आहे. पिठलं-भाकरी. हे पदार्थ गरिबीचे म्हणून ओळखले जातात, पण त्यांची खरी थोरवी अवेळी कळते. त्यांना बाजारातून काही आणावं लागत नाही. बेसन डब्यात असतं, लसणाची माळ खुंटीला असते, मिरच्या टोपलीत असतात. तेलात मोहरी-जिरं तडतडतं, ठेचलेला लसूण आणि मिरची पडते, घरभर ठसका उठतो. पाण्यात कालवलेलं बेसन एका हातानं ओतत दुसऱ्या हातानं हलवत राहायचं, नाहीतर गुठळ्या होतात. आणि आईचा हात ते न बघताही करतो, कारण तिचं सगळं लक्ष पोराच्या बोलण्याकडे असतं. झाकण ठेवून वाफ येईपर्यंत परातीत पीठ मळून होतं. मग भाकरी थापायचा तो आवाज, थप्-थप्-थप्. रात्रीच्या शांततेत तो भिंतीपलीकडे जातो, आणि शेजारची चुलती अंधारातून विचारते, ‘कोण आलंय गं?’ गावात बातमी अशी पसरते.

सकाळ झाली की घर दिसतं.

फोनवर रोज एकच उत्तर असतं: ‘आमचं काय, मजेत आहोत. तू जेवलास का?’ दिवाळीला पोरगं येणार म्हटलं की आई आठवडाभर आधी घर आवरते, बाप दाढी करून नवा सदरा घालून बसतो, आणि दुखणं चार दिवस कुणी तोंडावर आणत नाही. न कळवता आलेल्याला मात्र आवरलेलं घर मिळत नाही. खिडकीतल्या ताटलीत ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची पट्टी असते आणि तारखेच्या हिशेबानं तिच्यात जितक्या गोळ्या उरायला हव्यात त्याहून जास्त असतात. चष्म्याची तुटलेली काडी दोऱ्यानं बांधलेली असते. वडिलांची खाट माजघरातून सोप्यात, दाराजवळ आलेली असते. विचारलं तर ‘इथं वारं येतं’ म्हणतात, पण रात्री दोनदा उठून बाहेर जाताना पायरी उतरायला नको म्हणून ती तिथे आली, हे त्यांना भिंत धरून चालताना बघितल्यावर कळतं. परसदारचा बल्ब कधीचा गेलेला असतो. स्टुलावर चढून तो बदलणारं घरात कुणी उरलेलं नसतं.

शहरात राहणाऱ्या मुला-मुलींना आई-वडिलांचं म्हातारपण दिसतं ते असं, एखाद्या शनिवारी सकाळी, चहाच्या कपासोबत. मग तो दिवस कामात जातो. बल्ब बदलायचा, चष्म्याच्या दुकानात जायचं, बँकेत केवायसीचे कागद द्यायचे, नोव्हेंबर असेल तर पेन्शनसाठी हयातीचा दाखला. डॉक्टरकडे जाताना वडील कुरकुरतात, पण मोटारसायकलवर मागे बसल्यावर त्यांचा हात खांद्यावर येतो. तो हात किती हलका झाला आहे, हे फोनवर कळलं नसतं.

मुलांना हे असं सहज घरी जाणं जमतं. मुलींना ते फार उशिरा जमू लागलं आहे. लग्न झालेल्या बाईला मनात आलं म्हणून माहेरी जाता येत नसे. माहेरून कुणीतरी न्यायला यावं लागे. त्या माणसाला मुऱ्हाळी म्हणत, आणि नागपंचमी किंवा दिवाळी जवळ आली की तिचे डोळे त्या वाटेकडे लागत. सासरच्यांनी पाठवलं तर जायचं, नाहीतर मुऱ्हाळी पाणी पिऊन परत. बहिणाबाई चौधरींचं माहेर असोदे, सासर जळगाव. दोन्ही एकमेकांच्या अगदी जवळ, आणि तरी माहेराची ओढ त्यांच्या कवितेत भरून राहिली आहे. प्रश्न अंतराचा कधी नव्हताच. परवानगीचा होता, आणि हातातल्या पैशाचा.

परवानगीचा प्रश्न कायद्यानं सुटत नाही. पैशाचा थोडाफार सुटू शकतो. १७ मार्च २०२३ पासून एसटीच्या सगळ्या गाड्यांत महिलांना निम्मं तिकीट झालं. त्याआधी २६ ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत झाला होता. या सवलतींवर पुष्कळ वाद झाले; महामंडळाचा तोटा, गाड्यांतली गर्दी, पुरुष प्रवाशांची नाराजी. ते सगळं खरं धरलं तरी एक गोष्ट शेतमजूर बाईला विचारून बघावी. शंभराचं तिकीट पन्नासात होणं म्हणजे तिला नवऱ्यापुढे हात पसरायची गरज न राहणं. आईला ताप आहे असं कळलं आणि ती दुपारची गाडी धरून गेली, संध्याकाळी परतही आली. तिच्या आजीला हे स्वप्नातही शक्य नव्हतं. आणि पंच्याहत्तरीचे आजोबा आता उलट्या दिशेनं निघतात. धोतर, टोपी, हातात शेंगांची पिशवी. न कळवता लेकीच्या फ्लॅटच्या दारात. लिफ्टमधून वर आल्यावर घंटी कुठली दाबायची, एवढीच काय ती अडचण.

स्वारगेटच्या रांगेतल्या माणसाला कदाचित जाणवत नसेल, पण तो नशीबवान आहे. पुण्यात नोकरी करणारा गडचिरोलीचा किंवा यवतमाळचा मुलगा शुक्रवारी दुपारी मनात आलं म्हणून निघू शकत नाही. पुणे ते नागपूर रेल्वेनं नऊशे किलोमीटरच्या घरात. तत्काळ तिकिटाची खिडकी आदल्या दिवशी उघडते, वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी दहाला आणि इतरांसाठी अकराला. म्हणजे लहर गुरुवारी सकाळीच यायला हवी. तत्काळ हुकलं की एकतर जनरल डब्यात दाराशी उभं राहून रात्र काढायची, नाहीतर खासगी ट्रॅव्हल्स. खासगी बसनं एसटीच्या भाड्याच्या दीडपटीहून जास्त आकारू नये, असा सरकारचा निर्णय २०१८ मध्ये झाला. सणाच्या आदल्या रात्री तिकीट काढलेल्या कुणालाही विचारा, तो पाळला जातो का. रात्रभर जाऊन शनिवारी दुपारी पोचायचं आणि रविवारी दुपारी परत निघायचं. मधे उरते एक रात्र. म्हणून विदर्भातली पोरं वर्षातून दोन-तीनदाच जातात, ठरवून, आणि त्यांना घर नेहमी आवरलेलंच दिसतं. विकासाच्या प्रश्नात याचीही मोजदाद व्हायला हवी, कारण चांगली नोकरी शेकडो कोसांवरच मिळत असेल तर तिची किंमत पगारात दिसत नाही.

आणि एकदा तर सगळ्यांचंच जाणं थांबलं होतं. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. त्यानंतर जिल्ह्याची हद्द ओलांडायला ई-पास लागू लागला. घरी जायला कारण द्यावं लागायचं, आणि ‘सहज’ हे कारण त्या अर्जात बसत नव्हतं. एसटीची आंतरजिल्हा वाहतूक २० ऑगस्ट २०२० ला सुरू झाली आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला पासची अट गेली. मधल्या महिन्यांत किती घरांत शेवटची भेट राहून गेली. पुढच्याच वर्षी एसटी कर्मचाऱ्यांचा संप झाला, नोव्हेंबर २०२१ च्या सुमारास तीव्र झालेला आणि एप्रिल २०२२ पर्यंत चाललेला. कर्मचाऱ्यांचं दुखणं खरं होतं. तुटपुंज्या आणि थकणाऱ्या पगारावर रात्र देवळाच्या ओवरीत काढणारी तीच माणसं. पण त्या महिन्यांत लांबच्या गावांना कळलं की लाल गाडी नसली की आपण किती लांब आहोत. तेव्हा बंद पडलेल्या काही मुक्कामी फेऱ्या परत आल्याच नाहीत, अशी तक्रार आजही डोंगरातल्या गावांतून ऐकू येते. प्रवासी कमी, उत्पन्न कमी, हे आगाराचं उत्तर असतं. त्या फेरीच्या उत्पन्नात डबा, पेशंट आणि शुक्रवारी रात्री येणारा पोरगा कुठल्या रकान्यात धरायचा, हे कुणी सांगत नाही.

जिथे मुक्कामी गाडी अजून येते तिथे सोमवारची पहाट ठरलेली असते. रविवारी संध्याकाळीच निघायचं म्हणून पोरगं दोनदा उठलेलं असतं आणि दोनदा बसलेलं असतं. ‘पहाटेच्या गाडीनं जा की,’ असं आई म्हणते आणि तो विषय तिथेच संपतो. साडेचारला तिच्या हालचालीनं जाग येते. रिकामी आलेली सॅक आता बंद होत नाही. भाकऱ्या फडक्यात, लसणाची चटणी, भाजलेले शेंगदाणे, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली काकवीची बाटली, जी सांडणार हे दोघांनाही माहीत असतं. वडील खाटेवर उठून बसतात. गोळीची पट्टी आता त्यांच्या उशाशी आहे, आणि आजची गोळी पोरासमोर घेऊन त्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवलेला असतो.

देवळापुढे गाडीचं इंजिन धडधडत असतं. वाहक तोंड धुऊन, उपरण्यानं पुसत चढतो आणि पोराला ओळखतो.

‘कधी आलास रं?’

‘शुक्रवारी रात्री. तुम्ही झोपला होता.’

‘काय काम काढलं होतं?’

‘काम नाही,’ तो म्हणतो आणि सॅक मांडीवर घेऊन खिडकीशी बसतो. आई खाली उभी असते, चाकापासून दोन हात लांब, पदर डोक्यावर. गाडी हलते तशी तीही चार पावलं सोबत चालते, आणि काचेवर बोट वाजवून विचारते, चटणीचं झाकण घट्ट लावलं आहे ना.